निरोप कां परततो?

औषधांची मागणी नोंदविणारा प्रोग्राम दूरच्या सेवेकडे निरोप धाडतो आणि उत्तरादाखल ४१५ हा अंक येतो. सेवा बंद पडली, असा तर्क होतो. मागणी अडून राहते. वस्तुतः ४१५ म्हणजे सेवा जागी आहे, मजकुराचें स्वरूप मात्र तिला मान्य नाहीं. ‘सोप’ या संदेशपद्धतीच्या २००० सालच्या १.१ आवृत्तींत निरोपाच्या शिरोभागीं ‘टेक्स्ट/एक्सएमएल’ असा प्रकार लिहितात. २००३ सालच्या १.२ आवृत्तींत ‘ॲप्लिकेशन/सोप+एक्सएमएल’. नुसता शिरोभाग बदलून भागत नाहीं. आंतील नेमस्पेसही त्याच आवृत्तीची लागते. म्हणून जाणता कारागीर प्रत्यक्ष गेलेला निरोप नोंदवून घेऊन प्रथम तोच वाचतो. धाडला असें वाटणारा निरोप आणि खरोखर गेलेला निरोप, या दोहोंमधील अंतरांतच बहुधा दोष दडलेला असतो.