रेणू वळतो, रेणू फुटतो

शिवारात वारा सुटला की ज्वारीची ताटं एकाच दिशेला कलतात. रेणूंनाही असंच कलवता येतं. तिथं वारा असतो लेसरचा.

हा लेसर मात्र साधा नव्हे. त्याचा एकेक झोत किती वेळ टिकतो, ते फेम्टोसेकंदांत मोजतात. एका सेकंदात जितके फेम्टोसेकंद, तितके सेकंद भरायला ३ कोटींहून अधिक वर्षं लागतील! एवढ्याशा क्षणात ऊर्जा कोंबली, की प्रकाशाचं विद्युतक्षेत्र अणुकेंद्राच्या ओढीला तोडीस तोड ठरतं. इलेक्ट्रॉन निसटतो, रेणूचा आयन होतो. बरेच इलेक्ट्रॉन गेले, तर उरलेले धनभारित अणू एकमेकांना ढकलतात आणि रेणू फुटतो.

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दीपक माथूर, जी. रवींद्र कुमार आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात याचा अभ्यास केला. ज्यांचे अणू सरळ रेषेत असतात अशा रेणूंचे तुकडे बहुधा विद्युतक्षेत्राच्या दिशेनंच उडतात. मग रेणू खरंच वळले, की आधीपासून त्या दिशेला असलेलेच जास्त फुटले? उत्तर रेणूच्या वजनावर आणि झोत किती वेळ टिकतो यावर अवलंबून असतं. हलका रेणू चटकन वळतो. जड रेणू कूस बदलेपर्यंत झोत संपूनही जातो.

असे तीव्र झोत घडवण्याची युक्ती डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मूरू यांनी १९८५ मध्ये मांडली. २०१८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेतही आज हेच झोत वापरतात.