मुलांचा विमा : आधी हक्काचा, मग विकतचा

(छत्रपती संभाजीनगर येथे कामगार-पालकांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या सभेसाठी ‘मुलांकरिता खासगी आरोग्यविमा कोणता निवडावा’ असा विषय ठरविण्यात आला आहे. विमा घ्यायचाच, प्रश्न फक्त कोणता, असे त्यात गृहीत धरलेले दिसते. त्या गृहीतापाशी मला थोडे थांबायचे आहे. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथील कारखान्यांत राबणाऱ्या आई-बापांकडे वर्षाकाठी पंधरा-वीस हजारांचा हप्ता मागण्यापूर्वी, त्यांच्या मुलाचा कशाकशावर आधीच हक्क आहे हे सांगणे मला अधिक अगत्याचे वाटते.

पहिला हक्क कामगार विम्याचा. वीस हजार रुपये वेतन असलेल्या कामगाराच्या पगारातून दरमहा दीडशे रुपये कापले जातात आणि मालकाने साडेसहाशे भरावयाचे असतात. या आठशे रुपयांत कामगाराच्या मुलांचाही औषधोपचार येतो. तापासाठी दवाखान्यात नेले तरी येतो आणि इस्पितळात ठेवावे लागले तरी येतो. मूल जन्मतःच आजारी असेल तर ‘हा आजार आधीपासूनचा’ म्हणून कोणी त्याला परत पाठवीत नाही. बाजारात कितीही पैसे मोजले तरी इतकी व्यापक पॉलिसी सहजी मिळणार नाही. असे असूनही ठेकेदाराकडील किती कामगारांना आपला विमा क्रमांक ठाऊक आहे? कपात नियमाने होते, पण कुटुंबाची नावे नोंदविलेली नसतात. नाव नोंदले नसेल तर मूल दवाखान्याच्या दारातच अडते. आणि हे कळते केव्हा, तर मूल फणफणत असताना.

या योजनेची वेतनमर्यादा जानेवारी २०१७ मध्ये एकवीस हजार करण्यात आली आणि पुढची आठ वर्षे ती तेथेच राहिली. दरम्यान वेतने थोडी वाढली, महागाई पुष्कळ वाढली. परिणामी ज्याला हजार रुपयांची वेतनवाढ मिळून पगार बावीस हजार झाला, त्याचे अंशदान त्या सहामाहीअखेर थांबते आणि पुढे काही महिन्यांत त्याच्या मुलांचा उपचारही थांबतो. वर्षाला बारा हजारांची वाढ मिळवायची आणि त्याहून अधिक रक्कम खासगी विमा कंपनीला द्यायची, याला बढती म्हणावे काय? वेतनकराराच्या बोलण्यांत हा प्रश्न क्वचितच येतो. तो आला पाहिजे. मर्यादा ओलांडणाऱ्या कामगारांसाठी पहिल्या दिवसापासून मुलांसह गट विमा, ही मागणी करारात लिहून घेता येते.

दुसरा हक्क महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा. २०१२ साली आठ जिल्ह्यांत आणि २०१३ साली राज्यभर सुरू झालेल्या या योजनेचे तेव्हाचे नाव वेगळे होते आणि संरक्षण दीड लाखांचे होते. २०२३ च्या शासननिर्णयाने ते कुटुंबामागे पाच लाखांचे झाले आणि शिधापत्रिकेच्या रंगाची अटही गेली. ही योजना इस्पितळात दाखल होण्यापुरती आहे, ठरलेल्या यादीतल्या उपचारांपुरती आहे आणि काही उपचार केवळ शासकीय रुग्णालयांसाठी राखलेले आहेत. या मर्यादा खऱ्याच. तथापि त्या ठाऊक नसल्यामुळे जेवढे नुकसान होते, त्याहून अधिक नुकसान योजना आपल्याला लागूच नाही या समजुतीने होते. तिसरा हक्क शाळा-अंगणवाडीतील तपासणीचा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. हृदयाचे छिद्र, दुभंगलेला ओठ, वाकडे पाऊल असे जन्मजात दोष शोधून त्यांवर मोफत उपचार करविणे हे त्याचे काम. नेमके हेच दोष खासगी विमा बहुधा टाळतो, हे लक्षात ठेवावे.

‘हे सारे कागदावर,’ असे कोणी म्हणेल. त्याचा राग मी समजू शकतो. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस रुग्ण दगावले. त्यांत बारा नवजात बालके होती. मराठवाड्यातील आई-बाप खासगी इस्पितळाकडे धावतात ते हौसेने नव्हे. १९५६ साली उभ्या राहिलेल्या आपल्या घाटीवर आसपासच्या जिल्ह्यांतील लेकरांचा भार येऊन पडतो, आणि खाट मिळेल की नाही ही धास्ती घेऊनच माणूस तिची पायरी चढतो. म्हणून विमा विकत घेणाऱ्याला मी दोष देणार नाही. तो काय विकत घेतो आहे, एवढे मात्र त्याला ठाऊक असावे.

लहान मुलांचे बहुतेक दुखणे बाहेरच्या बाहेर बरे होणारे असते. सर्दी, ताप, जुलाब, लसीकरण हा खर्च साध्या पॉलिसीत मिळत नाही. ती इस्पितळात दाखल झाल्यावरच जागी होते. बाळाच्या आयुष्यातील सर्वांत धोक्याचे दिवस पहिल्या महिन्यातले, आणि अनेक पॉलिसींत बाळाचा समावेश होतो तो एक्याण्णवाव्या दिवशी! प्रसूतीसह नवजात बालकाचे संरक्षण काही पॉलिसींत असते, पण त्यासाठी बहुधा आधी काही वर्षे हप्ते भरलेले असावे लागतात. त्या पहिल्या दिवसांत आधार शासकीयच आहे. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने आजारी नवजात बालकाला सरकारी रुग्णालयात मोफत उपचार देऊ केले आणि पुढे ही मुदत एक वर्षापर्यंत वाढली.

एवढे जाणूनही पॉलिसी घ्यायची असेल, तर दोन-तीन गोष्टींकडे डोळे उघडे ठेवून पाहावे. बहुतेक कंपन्या पाच वर्षांखालील मुलाला पालकाशिवाय स्वतंत्र पॉलिसी देत नाहीत. सारे कुटुंब एकाच रकमेखाली येते. म्हणजे पाच लाखांतले साडेचार लाख बापाच्या हृदयशस्त्रक्रियेत जूनमध्ये संपले, तर ऑक्टोबरात डेंग्यू झालेल्या मुलीसाठी पन्नास हजार उरतात. रक्कम संपल्यावर ती त्याच वर्षी पुन्हा भरून मिळते काय, हे विचारून घ्यावे. त्याहून फसवी अट खोलीभाड्याची. मर्यादा दिवसाला पाच हजारांची आणि घेतलेली खोली दहा हजारांची असेल, तर केवळ भाड्याचा फरक भरून सुटका होत नाही. डॉक्टरांची आणि शस्त्रक्रियेची फी यांतूनही निम्मी कपात होऊ शकते. मुलाजवळ आईला झोपता यावे म्हणून घेतलेली स्वतंत्र खोली अशी महाग पडते.

आणि अर्ज स्वतः वाचावा. एजंट सौजन्याने सगळीकडे ‘नाही’ लिहून देतो. मूल अपुऱ्या दिवसांचे होते, त्याला झटके आले होते, दमा आहे, हे लपविले तर पुढे दावा नाकारला जातो. २०२४ च्या नियमांनी आधीच्या आजारासाठीची प्रतीक्षा चारऐवजी जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली आणि सलग पाच वर्षे पॉलिसी चालल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती लपविल्याचे कारण पुढे करता येत नाही. खरे लिहिलेल्याची तीन वर्षे सरतात. खोटे लिहिलेल्याला मात्र पाच वर्षे धाकात काढावी लागतात.

कंपन्या बोलतात जोखमीची भाषा. हिशेब मात्र वेगळा आहे. केवळ आरोग्यविमा विकणाऱ्या खासगी कंपन्यांनी २०२३-२४ मध्ये हप्त्यांच्या शंभर रुपयांपैकी सुमारे पासष्ट रुपये दाव्यांवर खर्च केले. १९७२ च्या कायद्याने राष्ट्रीयीकरण झालेल्या सरकारी सर्वसाधारण विमा कंपन्यांचा तोच आकडा शंभराच्या वर होता. सरकारी कंपनीचे कार्यालय कळकट आणि कारकून कंटाळलेला असतो, हे मान्य करूनही हा फरक पालकाने विचारात घ्यावा. सरकारही यातून सुटत नाही : २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावर अठरा टक्के कर होता. आजाराच्या भीतीवरही कर!

१९४६ साली भोर समितीने, पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, हे तत्त्व मांडले. २०१७ च्या राष्ट्रीय धोरणाने २०२५ पर्यंत आरोग्यावरील सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के करण्याचे ठरविले होते; ते वर्ष उलटले, तो टप्पा गाठला गेला नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, पण वैद्यकीय शिक्षण विभागाच्या रुग्णालयांना तो निर्णय लागू नव्हता. म्हणजे चिकलठाण्याच्या ‘मिनी घाटी’त मूल फुकट तपासले जावे आणि मोठ्या घाटीत त्याच मुलासाठी चिठ्ठीचे पैसे मागितले जावेत, अशी ही व्यवस्था! हा भेद कोणत्या वैद्यकीय शास्त्रात बसतो, ते संबंधित खात्याच्या मंत्र्यांना लेखी विचारावयाचे आहे. निवेदनाचा मसुदा मागच्या टेबलावर ठेवला आहे. ज्यांच्या पगारातून कामगार विम्याची कपात होते पण मुलांची नावे नोंदलेली नाहीत, त्यांनी पगाराची पावती आणि मुलांचे जन्मदाखले घेऊन येत्या रविवारी यावे. अर्ज आपण येथेच बसून भरू.