पुरणपोळी, पिक्चर आणि आपण

बेंदूर आला की आपल्या सातारा-सांगलीकडं घरोघरी पुरणपोळी आणि कटाची आमटी. आपण जेवतो सगळ्यांत शेवटी. उरलेलं टाकायचं कसं, म्हणून पोट भरलं तरी दोन पोळ्या आपणच संपवतो. साखरेचा आजार असलेल्या बाईला एवढं गोड बाधतं. त्यापेक्षा पोळी डब्यात ठेवू, सकाळी वाटून खाऊ.

जेवणानंतर टीव्हीवर १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ लागतो. घरचे लोळून बघतात, आपण भांडी घासतो. हंसा वाडकर आपल्यालाही बघायच्यात की! यंदा सगळे एकाच पंगतीला बसू, भांडी मिळून घासू, शतपावली घालू आणि पिक्चर पहिल्यापासून बघू. जमेल ना?