आधी झाडू, मग कीर्तन
(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपली संस्था स्थापन झाली तेव्हा आपला जिल्हाही नवाच होता. 1 मे 1999 ला हिंगोली परभणीपासून वेगळा झाला. आपण इथे राहायला आलो तेव्हा समोर काळी माती अन् बाभळी होत्या. आज रस्ता आहे, नळ आहे, लिफ्ट आहे. या सगळ्याचं कौतुक इतर वक्त्यांनी केलंच आहे. मी मात्र कचऱ्यावर बोलणार आहे. आनंदाच्या दिवशी हा विषय कशाला, असं कुणी म्हणेल. पण बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, सवय जात नाही.

शाळेत असताना कचऱ्याचे उपक्रम आम्ही पुष्कळ केले. संत गाडगेबाबा अभियान आलं, 2014 ला स्वच्छ भारत आलं, 2020 ला माझी वसुंधरा आलं. नगरपरिषदेकडून पत्र यायचं, मग प्रभातफेरी, चित्रकला स्पर्धा, शपथ. ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका निळ्या डब्यात, हे पोरांना तोंडपाठ.

त्यातल्याच एका आठवड्यातली गोष्ट. सकाळी घंटागाडी आली. मी घाईत पिशवी दिली. कामावरच्या मावशींनी ती हाताने दाबली आणि हात झटकन मागे घेतला. बोटातून रक्त येत होतं. मला म्हणाल्या, "बाई, काच होती का हो त्यात?" आदल्या रात्री फुटलेला पेला मी भाजीच्या देठांबरोबरच टाकला होता. मी हळद लावली, पट्टी बांधली. त्या रागावल्या नाहीत, पुढच्या दाराला गेल्या. मी मात्र त्या दिवशी वर्गात शपथ घेऊ शकले नाही. मुलांना खरं काय ते सांगून टाकलं. माझ्या सगळ्या धड्यांमधला तोच धडा मुलांच्या लक्षात राहिला, असं आता भेटणारे विद्यार्थी सांगतात.

म्हणून म्हणते, सांगणं सोपं, घरात करणं अवघड. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घ्यायचे, कीर्तन रात्री. आपण क्रम उलटा केला.

करून दाखवणाऱ्यांचं एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. सिंधुदुर्गातलं वेंगुर्ला. जेमतेम 12 हजार वस्तीची नगरपरिषद. तिथे मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात लोकांनी घरातच कचरा वेगळा करून द्यायला सुरुवात केली. ओल्याचं खत आणि गॅस, प्लास्टिकचे तुकडे करून रस्त्याच्या डांबरात. जिथे नाक धरून जावं लागायचं, त्या कचरा डेपोवर बाग झाली आणि लोक ती बघायला येऊ लागले. यंत्रं नंतर आली; आधी घराघरातल्या डब्यांची शिस्त आली. बारा वर्षांनी उकिरड्याचंही दैव उजळतं म्हणतात, वेंगुर्ल्याने बारा वर्षं वाट पाहिली नाही.

आता आपलं. नेहमीचा प्रश्न मला माहीत आहे: "आम्ही वेगळा करू हो, पण पुढे सगळं एकत्रच होतं, मग उपयोग काय?" प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की ओला कचरा गेटबाहेर जाऊच द्यायचा नाही. मग एकत्र होणार तरी काय?

पाण्याच्या टाकीमागची जागा रिकामी आहे. तिथे विटांचे दोन जाळीदार हौद बांधू. एक भरेपर्यंत दुसऱ्यातलं खत तयार होईल. ओल्या कचऱ्यावर दर वेळी कडुलिंबाचा वाळका पाला टाकायचा; आपल्या आवारात तो ढिगाने पडतो आणि आपण तो जाळतो. सुरुवातीला थोडं शेण किंवा आंबट ताक. आठवड्यातून एकदा खालीवर करायचं. वास आला तर समजायचं, पाला कमी पडला. दीड-दोन महिन्यांत काळं, भुसभुशीत खत. गावाकडे आपल्या सगळ्यांच्या घरी उकिरडा होताच की! वसमतच्या हळदीला शेणखत घालणारी माणसं आपण, आपल्याला हे कुणी नव्याने शिकवायला नको.

बाकी तीनच गोष्टी. दुधाची पिशवी कापताना कोपरा तोडून वेगळा करू नका. तो इवलासा तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही. पिशवी धुऊन, वाळवून भंगारवाल्याला द्या. काच आणि पॅड जाड कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून वेगळे द्या. 2016 च्या केंद्राच्या नियमांतही पॅड नीट गुंडाळून द्या असंच सांगितलं होतं. आणि जुने सेल, बल्ब, गोळ्या-औषधं यांचा एक खोका जिन्याखाली ठेवू.

बालमित्रांनो, तुम्हाला एक काम. शपथ घेऊ नका. रोज रात्री आपल्या घरचा डबा उघडून बघा आणि चूक दिसली तर आई-बाबांना, आजीलासुद्धा, बिनधास्त टोका.

हौदाचा ठराव येत्या सर्वसाधारण सभेत मी मांडणार आहे. पहिलं वर्ष खालीवर करण्याचं काम माझ्याकडे. गुडघे कुरकुरतात, पण फावडं अजून चालतं. त्या मावशींचं बोट केव्हाच बरं झालं. माझं ओझं मात्र हौद भरला की हलकं होईल.