रंगांधळेपणा आणि आगगाडीचा दिवा

सोलापूर जिल्ह्यांतील कुर्डुवाडी हें आगगाडीचें गांव आहे. मुंबई-सोलापूर लोहमार्गास पंढरपूर व लातूर यांचे फांटे येथेंच मिळतात. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद मार्गावरील गाडी १८९७ सालीं येथून धावूं लागली. ती कंपनी आणि तो अरुंद मार्ग आतां इतिहासजमा झाले. मात्र तांबडा दिवा दिसतांच थांबावें आणि हिरवा दिसल्यावर निघावें, हा रुळांवरील दंडक अद्यापि कायम आहे. म्हणूनच डोळ्यांचा एक वरवर न कळणारा दोष अशा गांवांतील तरुणाच्या आयुष्याची दिशा बदलूं शकतो. त्या दोषास रंगांधळेपणा म्हणतात.

हें नांव थोडें फसवें आहे. रंगांधळ्या माणसास जग काळें-पांढरें दिसतें असें सहसा होत नाहीं. डोळ्याच्या आंतील पडद्यावर रंग जाणणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात. त्यांपैकीं एका प्रकारांत जन्मतः उणीव असली, कीं बहुधा तांबड्या व हिरव्या रंगांतील भेद पुसट होतो. अक्षरें स्वच्छ दिसतात, दूरचें झाडहि दिसतें. म्हणून तो दोष वर्षानुवर्षें ध्यानांत येत नाहीं. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन डाल्टन यानें स्वतःच्या अशा दृष्टीचें वर्णन १७९४ सालीं केलें, तेव्हां तो २८ वर्षांचा होता. हा दोष मुलाकडे आईकडून येतो, पण आईला स्वतःला तो बहुधा नसतो. त्यामुळें पुरुषांतच तो अधिक आढळतो.

घरांत याच्या खुणा लहानशा असतात. मूल झाडाचें पान तपकिरी रंगवितें. पानाआडचें तांबडें फळ त्यास चटकन सांपडत नाहीं. नकाशांतील दोन प्रांत त्यास एकाच रंगाचे वाटतात. मग त्याला निष्काळजी ठरवून रागें भरलें जातें.

खरा घाव पुढें बसतो. इंजिन चालविण्याच्या जागेसाठीं तरुण अभ्यास करतो, लेखी परीक्षा उत्तीर्ण होतो, आणि वैद्यकीय तपासणींत ठिपक्यांच्या चित्रांतील आंकडा त्यास वाचतां येत नाहीं. हीं चित्रें जपानचे डॉक्टर शिनोबु इशिहारा यांनीं १९१७ सालीं प्रसिद्ध केलीं. ही कसोटी अन्यायाची नव्हे. स्वीडनमध्यें लागरलुंडा येथें १८७५ सालीं दोन गाड्यांची टक्कर झाली. त्यानंतर होल्मग्रेन यांनीं रंगीत लोंकरीच्या लडी देऊन रेल्वेनोकरांची दृष्टि तपासण्याची पद्धत घालून दिली. शेंकडों उतारूंचे प्राण एका दिव्यावर अवलंबून असतां तेथें भीड चालत नाहीं.

परंतु एका कामास अपात्र तो सर्वच कामांस अपात्र, हा समज अन्यायाचा आहे. भारत सरकारनें २०२० सालीं सौम्य व मध्यम रंगांधळेपणा असणारांस मोटार चालविण्याचा परवाना मिळण्याची वाट मोकळी केली. अशा विद्यार्थ्यांना पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या अभ्यासक्रमांपासून दूर ठेवूं नये, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालीं सांगितलें. तरीहि अडचण उरतेच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांतील २१ प्रकारांच्या यादींत हा दोष नाहीं. सवलत मागावी तर तो माणूस धडधाकट, आणि नोकरी मागावी तर सदोष!

जन्मजात रंगांधळेपणा बरा करणारें औषध किंवा चष्मा नाहीं. रंगीत कांचांनीं भेद कांहींसा उठून दिसेल इतकेंच. म्हणून आईबापांनीं मुलाची ही तपासणी शाळेच्या वयांतच नेत्रवैद्याकडून करून घ्यावी. तिला कांहीं मिनिटेंच लागतात. आजोळच्या कोणा पुरुषास हा दोष असल्यास तर ती टाळूंच नये. रंग ओळखण्याची गरज नाहीं अशीं कचेरींतील कामें रेल्वेंतहि आहेत, बाहेर तर पुष्कळच आहेत. दहाव्या वर्षीं कळलेली गोष्ट मुलगा सहज पचवितो आणि वेळींच दुसरी वाट धरतो. तीच बाविसाव्या वर्षीं, सर्व मेहनत झाल्यावर कळली, तर साऱ्या घराचे बेत ढांसळतात.