लघुपट कोणासाठी?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी लघुपटाची आखणी करण्यासाठी भरलेल्या सभेत केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवानिमित्त मंडळाने वीस मिनिटांचा एक लघुपट काढावा असे कार्यकारिणीने ठरविले आणि त्याविषयी चार शब्द सांगण्याची आज्ञा आम्हांस केली. आम्ही चित्रपटकलेचे जाणकार नव्हे. तीस वर्षे केंद्र सरकारच्या सेवेत फायली हाताळल्या, त्या ओघात सरकारी लघुपटांशी थोडाफार संबंध आला, एवढीच आमची पात्रता. म्हणून कॅमेरा व प्रकाशयोजना यांविषयी न बोलता, त्यांच्याही आधी येणारा एक प्रश्न आपणांपुढे ठेवतो. हा लघुपट पाहणार कोण?

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच एका थोर माणसाने कसे दिले ते पाहण्यासारखे आहे. १९१२ साली दादासाहेब फाळके चित्रपटाची यंत्रसामग्री मिळवून विलायतेहून परतले, परंतु 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल नव्हते. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, महिन्याहून अधिक काळ त्याचे रोज थोडे थोडे चित्रण केले आणि 'अंकुराची वाढ' हा इवलासा चित्रपट सिद्ध केला. तो तिकीट काढून येणाऱ्या जनतेसाठी नव्हताच. भांडवल देऊ शकतील अशा मोजक्या मंडळींसाठी होता. पुराणकथा त्यांना ठाऊक होत्या. हे नवे यंत्र या गृहस्थाला खरोखर चालविता येते काय, एवढीच त्यांची शंका असणार. दादासाहेबांनी नेमके तिचेच उत्तर पडद्यावर दिले. भांडवल उभे राहिले आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला.

आता आमच्या फजितीची हकीकत. निवृत्तिवेतनधारकांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो घरबसल्या मोबाईलवरून कसा द्यावा, हे दाखविणारा एक लघुपट काही वर्षांपूर्वी आमच्या देखरेखीखाली तयार झाला. प्रेक्षक म्हणून आम्ही कागदावर 'सर्व निवृत्तिवेतनधारक' असे लिहिले आणि निश्चिंत झालो. पडद्यावर एक तरुण झरझर बोटे फिरवीत होता. अक्षरे बारीक, निवेदन संस्कृतप्रचुर हिंदीत. पहिल्याच खेळानंतर एक वृद्ध गृहस्थ उठले व अत्यंत सौजन्याने म्हणाले, "साहेब, चित्रपट छान आहे. माझ्या नातवाला दाखवा." सभागृहात हशा पिकला; आम्हीही हसलो. रात्री मात्र झोप आली नाही. 'सर्व' नावाचा माणूस कोठेच राहत नाही, ही गोष्ट त्या दिवशी आम्हांला उमगली. चष्मा पुसत मोबाईल डोळ्यांजवळ धरणाऱ्या एका आजोबांना जरी आम्ही आधी भेटलो असतो, तरी तो लघुपट वेगळा झाला असता.

हे काम मोठ्या प्रमाणावरही करता येते. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्ष आपल्या देशात 'साइट' नावाचा उपग्रह-दूरदर्शनचा प्रयोग झाला. सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत सार्वजनिक दूरदर्शन संच बसविले गेले. सकाळचे कार्यक्रम शाळकरी मुलांसाठी, संध्याकाळचे प्रौढांसाठी; आणि मुलांसाठी हिंदी, ओडिया, तेलुगू व कन्नड अशा चार भाषांना वेगवेगळा वेळ. पाहणारे कोण आहेत व त्यांना काय कळते, हे जाणण्यासाठी अभ्यासक काही खेड्यांत मुक्काम करून राहिले होते. या प्रयोगासाठी मुलांचे कार्यक्रम करणाऱ्या शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्राच्या प्रमुख होत्या विजया मुळे. मुंबईत जन्मलेल्या, विवाहानंतर पाटण्यास गेलेल्या आणि पुढे दिल्लीत केंद्र सरकारच्या सेवेत रमलेल्या. म्हणजे तुमच्याआमच्यासारख्याच परमुलखातल्या! १९७४ सालचा त्यांचा 'एक अनेक और एकता' हा लघुपट आमच्या पिढीने दूरदर्शनवर कितीदा तरी पाहिला. 'एकता' हा मोठ्यांच्या भाषणातला जड शब्द. परंतु तेथे एक ताई धाकट्यांना खेळता खेळता एक आणि अनेक यांतला फरक सांगते आणि जाळ्यात सापडलेल्या चिमण्या जाळेच घेऊन उडून जातात. समोर मूल बसले आहे याचा विसर त्यांत क्षणभरही पडत नाही.

आता आपल्या लघुपटाकडे वळू. कार्यकारिणीने केलेला आराखडा आम्ही वाचला. दीपप्रज्वलन, आजवरच्या अध्यक्षांची छायाचित्रे, गणेशोत्सवाची दृश्ये, वास्तूचा इतिहास. हे सारे आदरणीय आहे. पण ते ज्यांना ठाऊक आहे त्यांनाच पुन्हा सांगितले जाणार आहे. म्हणून गेल्या महिन्यात आम्ही सभासदांपैकी सहा घरी गेलो आणि मुलांशी बोललो. मराठी सगळ्यांना कळते; उत्तर मात्र हिंदीत येते. देवनागरी वाचता येते, पण मराठी पुस्तक हाती घेतले जात नाही. सातवीतल्या एका मुलीला आम्ही विचारले, "मंडळाविषयी तुला काय जाणून घ्यावेसे वाटते?" ती म्हणाली, "माझी आजी इथे पहिल्यांदा आली, तेव्हा तिला हिंदी येत होतं का? मग ती भाजी कशी आणायची?"

सभ्य जनहो, आमच्या मते आपला प्रेक्षक सापडला आहे. ही मुलगी समोरच्या खुर्चीत बसली आहे असे समजून लघुपट करावा. मग पुष्कळ गोष्टी आपोआप ठरतात. लांबी वीस नव्हे, दहा मिनिटे. भाषा घरातली, सोपी मराठी. प्रश्न विचारणार मुले, उत्तरे देणार आजी-आजोबा.

ज्येष्ठांचा मान यात राहत नाही, अशी शंका काहींनी बोलून दाखविली. ती अनाठायी नाही. ज्यांनी घरोघर फिरून वर्गणी गोळा केली, त्यांची नावे कोठे तरी नोंदली गेलीच पाहिजेत. त्यासाठी ही स्मरणिका आहे. परंतु छायाचित्राखाली नाव येण्यापेक्षा, नातीच्या प्रश्नाला आपल्या मुखाने उत्तर देणे हा अधिक मोठा मान नव्हे काय? शिवाय विलंब करण्याजोगी स्थिती नाही. संस्थापकांपैकी आज मोजकेच आपल्यात आहेत, आणि विचारणारी मुलेही दोन-तीन वर्षांत शिक्षणासाठी दूर जातील. दोघे एका खोलीत आहेत तोवरच हे चित्रण व्हावयास हवे.

येत्या रविवारी चित्रणाला आरंभ करावा, आणि पहिला प्रश्न भाजीचाच असावा, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.