जुन्या गुन्ह्यांच्या नोंदी कोणी पुसावयाच्या?



या व्याख्यानमालेत विद्वानांनी बोलावे आणि आम्ही मागच्या रांगेत बसून ऐकावे, असा इतक्या वर्षांचा प्रघात. आमचे शिक्षण पाळी सुटल्यावर वाचनालयाच्या बाकावर झाले. कायद्याचे पंडित आम्ही नव्हे. कामगारांचे अर्ज लिहिण्यात मात्र आमची हयात गेली आहे, आणि आजचे बोलणे बरेचसे अर्जांविषयीच आहे.

प्रारंभीच खुलासा करतो. गांजाची तरफदारी करावयास आम्ही उभे नाही. त्या धुरात बसलेले संसार आम्ही चाळींतून पाहिले आहेत. आमचा प्रश्न त्यापुढचा आहे. माणसाने दंड भरला, शिक्षा भोगली, आणि तरीही पोलिसांच्या दप्तरात त्याच्या नावापुढे जी ओळ उरते, तिचे काय करावयाचे?

काही वर्षांपूर्वी आमच्या कचेरीत एक कामगार आला. कंत्राटदाराकडे आठ वर्षे राबलेला, हाताचा कसबी. कायम होण्याची वेळ आली तेव्हा कारखान्याने चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला. एकोणिसाव्या वर्षी यात्रेत मित्रांबरोबर चिलीम ओढताना तो सापडला होता. वकील नव्हता. कोणीतरी सांगितले, कबूल कर आणि मोकळा हो. त्याने कबूल केले, दंड भरला आणि विसरून गेला. दप्तर विसरले नव्हते. आम्हाला म्हणाला, “अण्णा, दंडाची पावती आहे माझ्याकडे. मग अजून काय फेडायचं राहिलंय?”

आम्हाला उत्तर देता आले नाही. वाचू लागलो, आणि वाचता वाचता पोहोचलो अमेरिकेत. कारण हा प्रश्न अमेरिकेत लाखो माणसांचा आहे.

त्या देशाने १९७० च्या कायद्याने गांजा अत्यंत कडक बंदीच्या वर्गात घातला. पुढे धरपकड अशी झाली की, २०१० ते २०१८ या काळात गांजापायी साठ लाखांहून अधिक अटका झाल्या. गोरे आणि काळे लोक गांजा ओढतात जवळपास सारख्याच प्रमाणात. पण काळ्या माणसाला अटक होण्याचा संभव गोऱ्याच्या साडेतीन पटींहून अधिक, असे नागरी स्वातंत्र्यासाठी झगडणाऱ्या तेथील संघटनेने २०२० च्या अहवालात दाखवले. सापडतो कोण, तर ज्याच्या वस्तीत पोलीस फिरतात तो. हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावयास नको.

नोव्हेंबर २०१६ मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या जनतेने मतदान करून प्रौढांना थोडा गांजा बाळगण्याची मोकळीक दिली. जुन्या शिक्षा कमी करून घेण्याची किंवा पुसून घेण्याची सोयही त्यातच होती. मात्र त्यासाठी कोर्टात अर्ज करावयाचा. सान फ्रान्सिस्को शहरात वर्षभरात किती अर्ज यावेत? तेवीस.

ही संख्या वाचून आम्ही पुस्तक मिटून बसलो. तेवीसच का, हे आम्हाला पुस्तकाने सांगावयास नको होते. अर्ज म्हणजे एक दिवसाची रजा. अर्ज म्हणजे निकालाची नक्कल, नकलेसाठी हेलपाटे, वकिलाची फी, आणि ज्या इमारतीत एकदा मान खाली घालून उभे राहिलो तिची पायरी पुन्हा चढणे. कित्येकांना तर असा हक्क आहे हेच ठाऊक नसते. ग्रॅच्युइटीचा १९७२ चा कायदा झाला तेव्हा त्यात एक मोलाचे कलम घातले गेले: कामगाराने अर्ज करो वा न करो, रक्कम ठरवून त्याला कळवणे हे मालकाचे काम. हे कलम ज्याने लिहिले त्याला गरिबाची अडचण कळली होती, असे आम्ही मानतो.

सान फ्रान्सिस्कोतही कोणाला तरी ती कळली. तेथील जिल्हा सरकारी वकील जॉर्ज गॅस्कॉन यांनी २०१८ च्या जानेवारीत जाहीर केले की, अर्जांची वाट न पाहता १९७५ पासूनच्या नोंदी आमची कचेरीच तपासील. ‘कोड फॉर अमेरिका’ या संस्थेने संगणकाचे साहाय्य दिले. सुमारे वर्षभरात नऊ हजारांहून अधिक शिक्षा निवारणास पात्र ठरल्या. कोठे तेवीस आणि कोठे नऊ हजार! माणसे तीच, कायदा तोच.

शिकागो हे नाव आम्हा कामगारांना १८८६ पासून पाठ. ते शहर ज्या इलिनॉय राज्यात आहे, त्याने २०१९ च्या कायद्यातच अल्प प्रमाणाच्या नोंदी सरकारने आपण होऊन पुसाव्यात असे घातले. २०२० सरताना राज्य पोलिसांच्या दप्तरातून जवळपास पाच लाख अटकांच्या नोंदी गेल्या. मिशिगन राज्यातल्या दोन प्राध्यापकांचा अभ्यास तर सर्व तऱ्हेच्या गुन्ह्यांविषयी आहे. नोंद पुसून घेण्यास पात्र असलेल्यांपैकी पाच वर्षांत शेकडा साडेसहाच लोक ती पुसून घेतात; आणि जे घेतात त्यांची मजुरी वर्षभरात शेकडा वीसहून अधिक वाढलेली दिसते. मजुरीचा आकडा आला की आमचे कान टवकारतात, हा आमचा धंद्याचा दोष.

तिकडेही सारे सुरळीत झाले असे नव्हे. खाजगी कंपन्या नोंदी विकत घेऊन मालकांना पुरवतात. कोर्टाचे पान कोरे झाले तरी यांच्या वहीत जुनी ओळ राहू शकते. अध्यक्ष बायडन यांनी ६ ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्राच्या कायद्याखाली केवळ गांजा बाळगल्याबद्दल दोषी ठरलेल्यांना माफी दिली; पण माफीने नोंद पुसली जात नाही. शिवाय ती नागरिकांना आणि कायम वास्तव्याचा परवाना असलेल्यांनाच होती. ज्यांची मुले तिकडे व्हिसावर आहेत त्यांनी हे जरूर ऐकावे: राज्याने पुसलेली शिक्षादेखील परदेशी माणसाच्या बाबतीत केंद्राचे अधिकारी सामान्यतः धरतात.

आता आपल्या घरी येऊ. आपल्याकडे १९८५ च्या कायद्याने गांजा ओढणे हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. (त्याच झाडाची नुसती पाने मात्र गांजाच्या व्याख्येत नाहीत, भांग पिणाऱ्यांचे नशीब!) कायदा बदललेला नाही, तेव्हा अमेरिकेचा दाखला जसाच्या तसा आम्हाला लागू करता येत नाही, हे मान्य. पण आमच्या त्या कामगाराचे वय पाहा. अठरा पुरे होण्याआधी सापडता, तर २०१५ च्या बालन्याय कायद्याने त्याची नोंद ठराविक मुदतीनंतर नष्ट झाली असती. वकील असता, तर त्याने १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचा लाभ मागितला असता. सेवनाच्या गुन्ह्याला तो मिळू शकतो, आणि मिळाल्यास शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही. एक-दोन वर्षांचे वय आणि एक वकील, एवढेच आडवे आले. मागाहून प्रौढाची नोंद पुसणारी सर्वसाधारण तरतूद आपल्या कायद्यात नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग यांच्या खटल्यात एवढे म्हटले आहे की, नोकरी मागताना माहिती लपवू नये, पण गुन्हा क्षुल्लक असेल तर मालकाला तिकडे दुर्लक्ष करता येते. उदाहरण दिले आहे तरुणपणी घोषणा दिल्याचे. आमच्या निम्म्या कार्यकारिणीला ते लागू पडेल!

त्याच निकालाची प्रत घेऊन आम्ही व्यवस्थापकांकडे तीनदा गेलो. तिसऱ्या खेपेस त्यांनी चहा पाजला आणि जागा भरल्याचे सांगितले. तो कामगार आजही कंत्राटदाराकडेच आहे.

श्रोत्यांपैकी कोणाचा दाखला अशा कारणाने अडला असेल, तर सायंकाळी सहानंतर युनियनच्या कचेरीत यावे. निकालाची नक्कल असल्यास आणावी. नसल्यास तिच्यासाठी अर्ज आम्ही लिहून देऊ.